प्रोत्साहन

प्रोत्साहन : एखादे कार्य करण्यास, ते अधिक प्रमाणात करण्यास किंवा ठराविक रीतीने करण्यास व्यक्ती अथवा समूह आपखुशीने प्रवृत्त व्हावा, म्हणून बाहेरून देऊ केलेला लाभ, सवलत, मान किंवा त्यांचे आश्वासन यांस प्रोत्साहन म्हणतात. इंग्रजीतील ‘इन्सेंटिव्ह’ या नामाचा हा मराठीतील रूढ पर्याय होय. प्रोत्साहनात तीन घटक अभिप्रेत असतात : देणारा, घेणारा आणि त्यांच्यामधील अट. अट नसेल, तर ते दान ठरते. घेणाऱ्यास नाकारण्याची मुभा नसेल, तर ती सक्ती ठरते. आणि अट कर्तव्याशी विसंगत असेल, तर ती लाच ठरते. अर्थशास्त्र, राज्यकारभार, उद्योगव्यवस्थापन व शिक्षण या क्षेत्रांत या संज्ञेचा वापर आज सर्रास होतो. यवतमाळ जिल्ह्यातील झरी जामणी या तालुक्यात गेल्या दीडशे वर्षांत प्रोत्साहनाचे बहुतेक सर्व प्रकार येऊन गेले असल्याने, या संकल्पनेचा व्यवहारातील इतिहास पाहण्यास तो भूभाग विशेष उपयुक्त ठरतो.

व्युत्पत्ती व अर्थ : ‘इन्सेंटिव्ह’ हा शब्द लॅटिनमधून आला असून त्याच्या मुळाशी ‘गाणे’ या अर्थाचा धातू आहे. सूर लावून देणे, हा त्याचा मूळ अर्थ. एकाने सूर लावावा व इतरांनी तो उचलावा, या कल्पनेतून ‘कृतीस उद्युक्त करणारे’ हा अर्थ सिद्ध झाला. ‘पेटविणे’ या अर्थाच्या दुसऱ्या एका लॅटिन धातूशी ध्वनिसाम्य असल्याने त्याची छटाही पुढे या शब्दास चिकटली. इंग्रजीत हा शब्द पंधराव्या शतकापासून आढळतो. तथापि अधिक कामाबद्दल अधिक मोबदला, हा त्याचा आजचा आर्थिक अर्थ दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतील कारखानदारीच्या संदर्भात रूढ झाला.

मराठीतील पर्यायांची घडण निराळी आहे. ‘उत्तेजन’ हा शब्द ‘तिज्’ म्हणजे धार लावणे या धातूपासून आला आहे. ‘प्रेरणा’ आणि ‘चालना’ यांत गती देण्याचा अर्थ आहे. ‘प्रोत्साहन’ व ‘उत्साह’ या शब्दांच्या मुळाशी ‘सह्’ हा धातू असून त्याचा अर्थ सोसणे, पेलणे, समर्थ असणे असा होतो. ‘आमिष’ म्हणजे मुळात मांस. त्यावरून गळाला लावलेला तुकडा. इंग्रजी शब्दाचा रोख सूर लावणाऱ्याकडे, तर ‘प्रोत्साहन’ या शब्दाचा रोख पेलणाऱ्याकडे आहे. प्रोत्साहनाच्या योजनांचे यशापयश समजून घेताना हा भेद उपयोगी पडतो.

मराठीतील वापर : एकोणिसाव्या शतकात या अर्थाने ‘उत्तेजन’ हाच शब्द प्रचारात होता. मुंबईत १८७० मध्ये पारशी मंडळींनी स्थापन केलेली गायन उत्तेजक मंडळी, पुण्यातील वेदशास्त्रोत्तेजक सभा (१८७५) आणि न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८९४ मध्ये निघालेली ग्रंथोत्तेजक संस्था यांची नावे त्याची साक्ष देतात. राजाश्रय ओसरल्यावर विद्या व कला यांना लोकाश्रय मिळवून देणे, हा या संस्थांचा हेतू होता. परीक्षा, पारितोषिके, ग्रंथकारास मानधन ही त्यांची साधने होती. पेशवाईतील श्रावणमासातील दक्षिणेचा काही भाग मराठी ग्रंथलेखनाच्या पारितोषिकांकडे वळविण्यात आला, हेही याच प्रवृत्तीचे आधीचे उदाहरण होय. विसाव्या शतकात ‘उत्तेजन’ या शब्दास क्षोभ व भडक यांची छटा येत गेली. ‘उत्तेजक’ म्हणजे मादक वा बलवर्धक द्रव्य, असा अर्थ प्रबळ झाला आणि शासकीय व शास्त्रीय लेखनात त्याची जागा ‘प्रोत्साहन’ने घेतली. जुना अर्थ आता मुख्यतः स्पर्धांच्या निकालपत्रांतील ‘उत्तेजनार्थ’ या शब्दात टिकून आहे. पहिले तीन क्रमांक हुकलेल्या स्पर्धकाने पुढच्या वेळी पुन्हा उतरावे, एवढीच त्या बक्षिसाची अपेक्षा असते.

जुनी पद्धती : शब्द नवा असला, तरी व्यवहार जुना आहे. मध्ययुगीन दख्खनमध्ये ओसाड जमीन लागवडीस आणणाऱ्या कुळास ‘कौल’ म्हणजे अभयपत्र मिळे. ‘इस्तावा’ या पद्धतीत पहिल्या वर्षी सारा अगदी हलका असे व दरवर्षी थोडाथोडा वाढून काही वर्षांनी तो पूर्ण दरास पोहोचे. नवी पेठ वसविताना व्यापाऱ्यांना काही वर्षे कर माफ केला जाई. बी-बियाणे, बैल व विहीर यांसाठी ‘तगाई’ दिली जाई; हा शब्द बळ या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला आहे. छत्रपती शिवाजी महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत यास ५ सप्टेंबर १६७६ रोजी लिहिलेल्या पत्रात या पद्धतीमागील विचार स्पष्ट दिसतो. गावोगाव फिरून कुळे गोळा करावीत. ज्याच्याकडे कष्ट करणारी माणसे आहेत, पण बैल, दाणा वा पैसा नाही, त्याला तो पुरवावा. वाढीदिढी न घेता केवळ मुद्दल, तेही तो सावरेल तसतसे, उगवून घ्यावे, असा त्याचा आशय आहे. साऱ्यातील सवलतीचा फायदा उचलण्यास आधी नांगर चालला पाहिजे आणि नांगर चालण्यास बैल पाहिजे, हा क्रम त्यात ओळखलेला आहे.

इजारा गावे : झरी जामणी तालुक्याचा प्रदेश पूर्वी वणी व केळापूर या जुन्या तालुक्यांत मोडत असे. दक्षिणेस पैनगंगा, तिच्या पलीकडे आदिलाबाद. अलीकडे डोंगर, जंगल आणि काळ्या जमिनीचे पट्टे. वस्तीत गोंड व कोलाम यांचे मोठे प्रमाण. वऱ्हाड प्रांत १८५३ च्या तहाने निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला. त्या प्रांतातील हा भाग, म्हणजे त्या वेळचा वणी जिल्हा (१९०५ पासून यवतमाळ जिल्हा), सर्वांत विरळ वस्तीचा होता. सारा वाढावा, यासाठी येथे माणसे आणून वसविण्याची गरज सरकारला वाटली. त्यासाठी १८६५ मध्ये पडीत जमिनीचे नियम करण्यात आले. त्यांनुसार सबंध ओसाड गाव एका इजारदारास दीर्घ मुदतीच्या पट्ट्याने सवलतीच्या साऱ्यावर दिले जाई. लागवडीच्या अटी पुऱ्या केल्यास गावावर कायमचा हक्क मिळण्याची तरतूद होती. जुन्या इस्ताव्याचाच हा विस्तार होता. मात्र सवलतीचा धनी आता कूळ नसून भांडवल घालू शकणारा मध्यस्थ होता.

या प्रोत्साहनाने आपले उद्दिष्ट बव्हंशी साधले. गावे वसली, जमीन वहितीखाली आली. यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांच्या नावांपुढे ‘इजारा’ हा शब्द अद्याप लागतो, तो याच व्यवस्थेची खूण म्हणून. परंतु कागदावर ओसाड ठरलेली भूमी रिकामी नव्हती. कोलामांची फिरती शेती, कंदमुळे, मध, मोहफुले व गुरांची चराई यांचा तो आधार होता. पट्टा घेण्यास लागणारे भांडवल, लिहिता-वाचता येणे आणि कचेरीशी ओळख यांपैकी त्यांच्याकडे काही नव्हते. वनविषयक कायद्यांनी जंगलाचा उरलेला भाग राखीव होत गेल्यावर त्यांतील अनेकांना इजारदाराच्या वा शेतकऱ्याच्या जमिनीवर मजुरी करणे, हाच मार्ग उरला. प्रोत्साहन सर्वांसाठी खुले होते; ते घेऊ शकणारे मात्र थोडे होते. या मध्यस्थीचा शेवट तत्कालीन मध्य प्रदेश राज्याच्या १९५० च्या मालकी हक्क निर्मूलन कायद्याने झाला.

नदीपलीकडे, निजामाच्या राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात, याच जमातींच्या बाबतीत वेगळा उपाय योजला गेला. कोमराम भीमच्या नेतृत्वाखाली झालेला गोंडांचा उठाव १९४० मध्ये गोळीबाराने मोडून काढल्यानंतर मानवशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना तेथील परिस्थितीच्या अभ्यासासाठी पाचारण करण्यात आले. त्यांच्या सूचनांनुसार गोंड व कोलाम कुटुंबांना जमिनीचे पट्टे देण्याचे आणि गोंडी भाषेतून शिकवू शकणारे शिक्षक तयार करण्याचे काम १९४० नंतरच्या दशकात सुरू झाले. हे अटीसह दिलेले प्रोत्साहन नव्हते. प्रोत्साहनाचा उपयोग करता यावा, यासाठीची ती पूर्वतयारी होती.

भाव आणि कापूस : बाजारभाव हे सर्वांत प्रभावी व सर्वांत बेभरवशाचे प्रोत्साहन होय. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) लँकेशरच्या गिरण्यांचा पुरवठा तुटला व वऱ्हाडातील कापसाला अपूर्व भाव आला. नागपूरपर्यंत १८६७ मध्ये आगगाडी पोहोचली. मध्य प्रांत व वऱ्हाड यांसाठी कापूस आयुक्ताचे पद निर्माण करून त्यावर हॅरी रिव्हेट-कारनॅक यांची नेमणूक झाली. कापसातील भेसळीविरुद्ध मुंबई सरकारने १८६३ मध्ये कायदा केला. व्यापारास शिस्त लावण्यासाठी वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ मध्ये नियंत्रित बाजार सुरू झाला व १८९७ मध्ये कापूस व धान्य बाजारांविषयीचा कायदा आला. युद्ध संपताच भाव उतरले. पण ज्वारीऐवजी कापूस पेरण्याची, सावकाराकडून हंगामापुरते कर्ज उचलण्याची आणि सारा रोखीने भरण्याची घडी तशीच राहिली. भाव हे प्रोत्साहन मागे घेतले जाऊ शकते. त्याने बदललेली शेती सहजासहजी पूर्ववत होत नाही.

हा भरवसा शासनाने द्यावा, या हेतूने महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने एकाधिकार कापूस खरेदी योजना आली आणि १९७२-७३ च्या हंगामापासून ती अंमलात आली. हमीभावाने सर्व कापूस राज्य सहकारी पणन महासंघाने घ्यावा व विक्रीत नफा झाल्यास त्यातील मोठा हिस्सा उत्पादकास देऊन उरलेला भावातील चढउतारांसाठीच्या निधीत टाकावा, अशी तिची रचना होती. शेतकऱ्यास भाव कोसळण्याची भीती राहिली नाही. मात्र चुकारे हप्त्यांनी व विलंबाने मिळत. राज्याबाहेरचे भाव चढले, की सीमेवरील तालुक्यांतील कापूस पलीकडे जाई आणि ते उतरले, की पलीकडचा अलीकडे येई. झरी जामणीसारख्या सीमावर्ती भागात एकच प्रोत्साहन दोन उलट दिशांनी काम करताना दिसले. २००२ मध्ये खाजगी खरेदीस मुभा मिळून एकाधिकार संपुष्टात आला.

कामाचा मोबदला : कारखान्यातील प्रोत्साहनाचा पद्धतशीर विचार अमेरिकेत सुरू झाला. फ्रेडरिक हॅल्सी यांनी १८९१ मध्ये वाचविलेल्या वेळेवर अधिमूल्य देण्याची योजना मांडली. फ्रेडरिक टेलर यांनी १८९५ मध्ये ठराविक काम पुरे करणाऱ्यास चढा व न करणाऱ्यास उतरता नगदर सुचविला. या तत्त्वाचे साधे रूप यवतमाळच्या शेतांत दरवर्षी दिसते. निंदणाची मजुरी रोजावर, तर कापूस वेचणीची मजुरी किलोवर ठरते. वजनावर मजुरी असल्याने वेचणी भराभर होते; पण त्या घाईत वाळकी पत्ती व किडकी बोंडेही कापसात येतात आणि त्याची प्रत उतरते. जे मोजले जाते ते वाढते, जे मोजले जात नाही ते मागे पडते, हा नियम टेलरच्या कारखान्यास व झरीच्या शिवारास सारखाच लागू आहे.

मुंबईच्या कापडगिरण्यांतील बोनसचा इतिहास या संज्ञेची दुसरी बाजू दाखवितो. पहिल्या महायुद्धाच्या काळात महागाई व भरभराट यांमुळे मालकांनी देऊ केलेली ही रक्कम वर्षानुवर्षे मिळत गेल्याने कामगारांनी ती वेतनाचाच भाग मानली. १९२३ सालचा बोनस नाकारण्यात आला, तेव्हा १९२४ च्या आरंभी गिरण्यांत सार्वत्रिक संप झाला. पुढे १९६५ च्या कायद्याने बोनसला वैधानिक अधिष्ठान मिळाले. नित्याचे झालेले प्रोत्साहन कालांतराने हक्क बनते आणि मग ते काढून घेणे म्हणजे दंड करणे ठरते.

उद्योगांचे विकेंद्रीकरण : मुंबई–ठाणे–पुणे या पट्ट्यातील गर्दी कमी व्हावी व मागास भागांत उद्योग जावेत, यासाठी महाराष्ट्र शासनाने १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना सुरू केली. विक्रीकरातील सूट, स्वस्त भांडवल, विजेच्या दरातील सवलत असे लाभ एकत्र दिले जात असल्याने तिला हे नाव पडले. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या सिकॉमकडे तिचा बराचसा कारभार होता. केंद्रीय स्तरावर पांडे व वांछू यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटांच्या शिफारशींनंतर १९७१ मध्ये मागास भागांतील भांडवली गुंतवणुकीवर अनुदान देण्यास प्रारंभ झाला. राज्याची योजना १९७९, १९८३, १९८८, १९९३, २००१, २००७, २०१३ व २०१९ मध्ये सुधारून नव्याने काढण्यात आली. तालुक्यांची ‘अ’, ‘ब’, ‘क’, ‘ड’ व ‘ड+’ अशी वर्गवारी करून जितका मागासपणा अधिक तितकी सवलत अधिक, हे तिचे सूत्र आहे.

झरी जामणी तालुक्यातील मुकुटबन येथे चुनखडीच्या साठ्यावर आधारित सिमेंटचा मोठा कारखाना २०२२ मध्ये सुरू झाला; बिर्ला कॉर्पोरेशनच्या उपकंपनीच्या या कारखान्याची वार्षिक उत्पादनक्षमता सुमारे ३९ लाख टन आहे. अशा उद्योगाची जागा मुख्यतः कच्च्या मालाने ठरते. सवलती त्या निर्णयास टेकू देतात. स्थानिक कोलाम किंवा गोंड तरुणास त्यात कोणते काम मिळते, हे त्याच्या शिक्षणावर व तंत्रकौशल्यावर अवलंबून राहते. उद्योजकास तालुक्याच्या मागासपणाबद्दल सवलत मिळते. त्या मागासपणाचा भार वाहणाऱ्याच्या वाट्यास तिचा किती अंश येतो, हे योजनेच्या सूत्रात मोजलेले नसते.

शिक्षण व कल्याण : शाळेतील उपस्थिती वाढावी, यासाठी महाराष्ट्रात १९९२ पासून इयत्ता पहिली ते चौथीतील अनुसूचित जाती-जमाती व भटक्या-विमुक्त समाजातील गरीब मुलींना हजेरीच्या दिवसामागे १ रुपया उपस्थिती भत्ता देण्यात आला. मुलगी शाळेत आल्याने बुडणारी तिची घरची मदत किंवा मजुरी थोडीफार भरून निघावी, ही त्यामागील कल्पना होती. परंतु जवळजवळ तीन दशके तो १ रुपयाच राहिला. या काळात पैशाची किंमत घटल्याने आकडा कायम राहूनही प्रोत्साहन उरले नाही. याउलट १९९५ मध्ये सुरू झालेल्या माध्यान्ह आहाराचे मोल महागाईने घटत नाही. कारण तो वस्तुरूप असतो व मुलाच्या शिकण्याच्या क्षमतेतही भर घालतो.

सिद्धांत व मर्यादा : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या संकल्पनेस अर्थशास्त्रात मध्यवर्ती स्थान आले. माहिती दोन्ही पक्षांकडे सारखी नसताना प्रोत्साहन कसे आखावे, याविषयीच्या सिद्धांताबद्दल जेम्स मर्लीझ व विल्यम व्हिक्री यांना १९९६ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरीकडे, रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये, रक्तदानास पैसा दिल्याने दानाची भावना क्षीण होते, असे मत मांडले. तर मानसशास्त्रज्ञ एडवर्ड डेसी यांच्या १९७१ मधील प्रयोगांत, आवडीने केलेल्या कामाबद्दल पैसे दिल्यास नंतर त्यातील गोडी कमी होते, असे आढळले. प्रोत्साहन कोठे द्यावे, याइतकेच ते कोठे देऊ नये, हेही महत्त्वाचे ठरते.

झरी जामणीचा इतिहास या चर्चेत आणखी एका प्रश्नाची भर घालतो. इजारा, कापसाचा भाव आणि उद्योगांच्या सवलती या तिन्ही प्रोत्साहनांनी कृती घडवून आणली. परंतु प्रत्येक वेळी प्रतिसाद दिला तो ज्याच्याकडे आधीच जमीन, भांडवल वा पत होती त्याने. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमाती विशेषतः दुर्बळ आदिवासी समूह म्हणून गणल्या जातात. वनहक्कांविषयीच्या २००६ च्या कायद्याने अशा समूहांना कसलेल्या वनजमिनीबरोबरच त्यांच्या पारंपरिक अधिवासावरील हक्काचीही तरतूद केली. हे प्रोत्साहन नसून हक्काची मान्यता आहे. मात्र तिच्यावाचून पुढील कोणतेही प्रोत्साहन त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. जमिनीचा उतारा नावावर नसलेल्यास पीककर्ज, विहिरीचे अनुदान वा हमीभाव यांचा लाभ घेणे अवघड जाते. ‘प्रोत्साहन’ या शब्दातील पेलण्याचे सामर्थ्य हा धात्वर्थ येथे शब्दशः लागू पडतो : सूर लावला, तरी तो उचलण्यास गळ्यात बळ असावे लागते, आणि ते बळ पुरविणे हे प्रोत्साहनाआधीचे काम होय.